‘मंग काय व्हई?’ म्हणणाऱ्या पगारे बाई

पगारे बाई शाळेत यायच्या आधी त्यांचं हसू शाळेत यायचं. ते साधंसुधं हसू नव्हतं. पोतं उसवून त्यातनं बटाटे जिन्यावरून गडगडत यावेत, तसं ते यायचं. आमची नाशिकची शाळा गंगेकडे, म्हणजे नदीकडे, उतरणाऱ्या रस्त्याच्या तळाशी होती. उताराच्या वरच्या टोकाला आल्यावर बाई आपल्या मोपेडचं इंजिन बंद करायच्या आणि गाडी नुसती सोडून द्यायच्या. पेट्रोल वाचवायला नव्हे, त्यांना ते आवडायचं म्हणून. गाडीनं वेग घेतला की बाई हसायला लागायच्या. उताराच्या शेवटी शाळेचं फाटक असल्यामुळे आमचा शिपाई किसन दोन्ही फळ्या उघडून भिंतीला पाठ चिकटवून उभा राहायचा. बाई आत घुसायच्या, आवारातल्या आंब्याला एक वळसा घालायच्या आणि हेडमास्तरांच्या खिडकीखाली थांबायच्या. हेडमास्तर रोज खिडकी लावून घ्यायचे आणि बाई रोज खालून ओरडायच्या, "नमस्कार, सर! आजपण वाचले!"

बाई बुटक्या, रुंद आणि भलत्याच चपळ होत्या. खडू अंबाड्यात खोचून ठेवायची सवय. मग वर्गभर खडू शोधत फिरायच्या आणि आम्हीही सांगायचो नाही. शिकवायच्या भूगोल. माहेर देवळ्याकडचं असल्यामुळे शुद्ध मराठीत चाललेल्या मान्सून वाऱ्यांच्या मधेच एखादं अहिराणी वाक्य घुसायचं. आम्हा शहरातल्या मुलांना त्याची फार गंमत वाटायची. यजमान एस.टी.त कंडक्टर. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ जितके कमी बोलायचे तितक्या बाई जास्त बोलायच्या, त्यामुळे संसारात शब्दांचा हिशेब बरोबर जुळायचा.

त्या आम्हाला दहावीला वर्गशिक्षिका म्हणून आल्या. अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड नवीनच आलं होतं. नवं असल्यामुळे त्याच्याबद्दल कोणालाच नीट काही माहीत नव्हतं, आणि म्हणून प्रत्येक जण खात्रीनं बोलायचा. घरात दहावीचं मूल म्हणजे गोवर आलेलं मूल असावं, तसं वातावरण असायचं. माझ्या आईनं जून महिन्यातच रेडिओवर चादर टाकली होती. शेजारचे काका येता-जाता माझ्याकडे बघून मान हलवायचे. माझ्या शेजारी शकू बसायची. शकूचे वडील कचेरीत हेडक्लार्क. एरवी शकू चिमणीसारखी चिवचिवणारी, पण ‘बोर्ड’ म्हटलं की तिचे ओठ पांढरे पडायचे.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "बोर्डाची भीती कोणाकोणाला वाटते? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मग बाईंनी स्वतःचाच हात वर केला.

"मला वाटते. तुम्ही सगळे पडलात तर हेडमास्तर मला सोडतील काय? आता सांगा."

हळूहळू हात वर आले. पहिल्या बाकावरचा अविनाश सोडून सगळ्यांचे. अविनाश पाचवीपासून वर्गात पहिला. अक्षर छापल्यासारखं, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "मला नाही वाटत, बाई."

"फार छान," असं म्हणून बाई शकूकडे वळल्या. "तुझं काय गं? ओठ का पांढरे पडलेत?"

शकू उभी राहिली. "मी नापास होणार, बाई."

"मंग काय व्हई?" बाईंनी अहिराणीत विचारलं. म्हणजे, मग काय होईल?

"बाबा रागावतील."

"मंग?"

"शाळा बंद करतील."

"मंग?"

"लग्न लावून देतील."

"कोणाशी?"

एवढा खोल विचार शकूनं केला नव्हता. "कुठल्या तरी म्हाताऱ्याशी."

"बरं. मंग?"

"मग तो मरेल."

"अरेरे! मंग?"

"मग मी माहेरी येईन... आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला परत बसेन."

"म्हणजे शेवटी ऑक्टोबरलाच बसायचं होतं ना तुला?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग मधल्यामधे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला कशाला मारलंस गं?"

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातल्या संस्कृतच्या सरांनी दारात येऊन पाहिलं. सगळ्यात जास्त हसत होती शकूच. डोळ्यांतून पाणी, आणि ओठ गुलाबी.

पण बाईंनी तिला बसू दिलं नाही. हसणं ओसरल्यावर त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता खरं सांग. कशात नापास होशील असं वाटतं?"

"गणितात."

"गणितात कुठे?"

"भूमितीत."

"भूमितीत कुठे?"

"वर्तुळाची प्रमेयं येतच नाहीत, बाई."

"मग असं म्हण ना, की मला वर्तुळ येत नाही. नापास होणार, हे कोणी सांगितलं तुला? वर्तुळ येत नाही ही एक गोष्ट आणि नापास होणार ही दुसरी. दोन्ही एका पिशवीत घालू नको, पिशवी जड होते."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत गणिताचे सर आंब्याखाली शकूला वर्तुळ शिकवताना दिसायला लागले. त्यांना बाईंनी कसं पटवलं कोण जाणे, पण डबा मात्र ते बाईंचा खात होते.

त्यानंतर दर शनिवारी शेवटचा अर्धा तास भीतीचा ठरला. ज्याची भीती सगळ्यात भारी, त्याला बाई बक्षीस द्यायच्या. बक्षीस म्हणजे माहेरच्या मळ्यातला मुठीएवढा मोठा कांदा. "रडायचंच असेल तर हा चिरून रडा," असं म्हणत त्या तो समारंभानं द्यायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. हळूहळू आमच्यात चुरस लागली. एकानं सांगितलं की त्याचा पेपर तपासणाऱ्या मास्तरांच्या घरी म्हैस असेल आणि ती नेमका त्याचाच पेपर खाईल. दुसऱ्याला स्वप्न पडलं होतं की निकालात लिहिलंय, सर्व मुले उत्तीर्ण, आणि खाली बारीक अक्षरात त्याचं नाव घालून, हा सोडून. एक मुलगी म्हणाली, "मी घाबरून पेपरात मामाला पत्र लिहीन, आणि तेसुद्धा अर्धवट." प्रत्येकाला बाई विचारायच्या, "मंग काय व्हई?" आणि तिसऱ्या-चौथ्या ‘मंग’ला ती भीती अशी काही वाकडीतिकडी व्हायची, की सांगणाऱ्यालाच हसू फुटायचं. मग शेवटी बाई ठरल्याप्रमाणे विचारायच्या, "आता खरं काय येत नाही ते सांग." मामाला पत्र लिहिणाऱ्या मुलीला निबंधाची सुरुवातच सुचायची नाही, असं त्यातून निघालं. म्हैसवाल्याचं अक्षर वाचता येत नव्हतं.

अविनाश या अर्ध्या तासात भूगोलाचं पुस्तक उघडून बसायचा. त्यानं एकदाही कांदा जिंकला नाही, कारण त्यानं कधी तोंडच उघडलं नाही. आम्हाला वाटायचं, असल्या हुशार मुलाला कसली भीती. बाईंनाही तसंच वाटत असावं.

दिवाळीनंतर एक गोष्ट उघड झाली. बाईंकडे मोपेड चालवायचा परवानाच नव्हता. त्या आरटीओत चाचणी द्यायला जाणार, हे कळल्यावर आम्ही मुला-मुलींनी आदल्या दिवशीच तिथल्या मैदानाची भिंत हेरून ठेवली आणि शाळा सुटल्यावर जाऊन तिच्यावर ओळीनं बसलो. बाई भाऊंना घेऊन आल्या. आणि आम्ही कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं: बाई घाबरल्या होत्या. पदर तीनतीनदा खोचत होत्या, हसत नव्हत्या. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी जमिनीवर चुन्यानं काढलेला इंग्रजी आठचा आकडा दाखवला आणि म्हणाले, "पाय न टेकवता यावरून जा."

भिंतीवरून शकू ओरडली, "बाई, मंग काय व्हई?"

बाईंनी वर बघितलं. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "मंग काय व्हई?"

झालं. बाईंना हसू आलं. ते बटाट्याच्या पोत्याचं हसू. हसता हसता त्यांनी गाडी सोडली, आठच्या पहिल्या शून्यातनं बाहेर पडल्या त्या परत आत आल्याच नाहीत. साहेबांच्या टेबलाला वळसा घालून त्या बाभळीच्या झुडपात शिरल्या. साहेब धावले, भाऊ धावले. झुडपातून आवाज आला, "पाय नाय टेकवला हां मी!"

साहेबांनी नापास केलं. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या हातावर खरचटल्याच्या रेघा आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. "मी नापास झाले," असं त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. "बघून घ्या. नापास बाई अशी दिसते. रात्री भाकरी खाल्ली, झोप लागली, सकाळी भाऊंशी भांडले. सगळं जागेवर आहे."

मग म्हणाल्या, "लाज वाटली बरं का. खोटं कशाला सांगू? भिंतीवर तुम्ही सगळे होतात ना. पण लाज काय, संध्याकाळपर्यंत टिकली. मग भूक लागली."

शिक्षक असं बोलतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या दुसऱ्यांदाही नापास झाल्या, आणि पुन्हा पेढे आले. पुढच्या खेपेला पास झाल्या तेव्हा पेढे नव्हते. "पास झाल्याचं काय एवढं," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत त्यांनी आमची एक परीक्षा घेतली. बोर्डाच्या परीक्षेत जे जे वाईट होऊ शकतं असं आम्ही शनिवारी सांगितलं होतं, ते ते सगळं त्या परीक्षेत होणार होतं. आम्हाला त्याची कल्पना नव्हती. पेपर सुरू झाल्यावर किसन कपबशांचा ट्रे खडखडवत वर्गातून आरपार गेला. मग बाकांखालून एक मांजर सोडण्यात आलं. अर्ध्या मुलांना नववीची प्रश्नपत्रिका मिळाली. वेळ संपायच्या फार आधीच घंटा झाली आणि ती चुकीची आहे, असं सांगण्यात आलं. शेवटी दार धाडकन उघडून खाकी कपड्यातले भाऊ भरारी पथक म्हणून आत आले आणि प्रत्येकाच्या बाकाखाली वाकून बघायला लागले. भाऊंना नाटक येत नव्हतं. ते इतके गंभीर होते की काही मुलं खरोखर घाबरली. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे ते तिकीट न काढलेल्या उतारूकडे बघावं तसं बघत होते.

एवढ्यात गोंधळ ऐकून हेडमास्तर दारात आले. "काय चाललंय, पगारे बाई?"

बाई भूमिकेत होत्या. त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "हॉलतिकीट दाखवा."

"अं?"

"हॉलतिकिटाशिवाय आत येता येणार नाही. बोर्डाचा नियम आहे."

आणि आमच्या त्या कडक हेडमास्तरांनी कोटाचे खिसे चाचपायला सुरुवात केली. आधी वरचा, मग आतला. मग त्यांच्या लक्षात आलं. हेडमास्तर भाऊंकडे बघत म्हणाले, "घरी राहिलं वाटतं." आणि मागे फिरले. व्हरांड्यातून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. तो आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवशी सगळे पोट धरून हसत होते, तेव्हा अविनाश मान खाली घालून नववीचाच पेपर सोडवत होता. तो नववीचा आहे, हे त्याला कळलंच नव्हतं. भाऊंनी मात्र त्याच्या बाकाशी थांबून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

मार्च आला. आमचं परीक्षा केंद्र नदीपलीकडे, पंचवटीतून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पहिल्या पेपराला बाई सकाळीच फाटकाशी येऊन उभ्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीत धपाटा. घंटा झाली, आम्ही आत गेलो. माझा नंबर रस्त्याकडच्या खिडकीशी होता. माझ्या पुढचा बाक अविनाशचा, आणि तो रिकामा होता.

पेपर वाटून झाले तरी तो आला नाही. मी लिहायला सुरुवात केली आणि सवयीनं बाहेर पाहिलं, तर फाटकासमोर वणीची एस.टी. उभी. तिथे थांबा नव्हता. सगळे उतारू खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होते आणि भाऊ दारात उभे राहून बाईंना हाका मारत होते. बाई धावत गाडीत चढल्या. पुढचं मला दिसलं नाही. ते नंतर भाऊंनी सांगितलं, आणि पुष्कळ दिवसांनी थोडं अविनाशनंही.

त्या सकाळी भाऊंची ड्युटी वणीच्या गाडीवर होती. गाडी स्टँडवरून सुटताना त्यांना मागच्या बाकावर एक मुलगा दिसला. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कंपासपेटी. भाऊंनी चेहरा ओळखला. तिकीट मागितलं तर म्हणाला, "वणी." भाऊंनी तिकीट दिलं नाही. नुसतं त्याला उठवून पुढे आपल्या शेजारी आणून बसवलं, आणि गाडी केंद्रासमोर आल्यावर दोरी ओढली.

बाईंनी विचारलं, "अवि, कुठं निघालास रे?"

"वणीला."

"कोण आहे तिथं?"

वणीला त्याचं कोणीच नव्हतं.

"मंग काय..." बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं.

"ते नका विचारू, बाई," अविनाश म्हणाला. "मी दर शनिवारी मनात उत्तरं देत होतो. शकूचं ऑक्टोबरला जाऊन थांबतं. माझं थांबतच नाही. पहिला नंबर गेला की पुढे नुसतं खाली खालीच जातं."

भाऊ म्हणायचे, लग्न झाल्यापासून मी हिला गप्प झालेली तेवढी एकदाच पाहिली. बाई त्याच्या शेजारी बसल्या. त्याचा हात हातात घेतला. गाडीतली माणसं चुळबुळ करत होती. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं, भाऊंनी हातानंच त्याला थांबवलं.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "ज्यांनी हात वर केला त्यांनाच मी विचारत बसले. आता काही विचारत नाही. तुला वणीला जायचंय ना? मी पण येते. अहो, दोन तिकिटं द्या."

भाऊंनी खरोखर तिकिटाची पेटी उघडली. अविनाश दचकला. "तुम्ही कशा येणार? सगळी मुलं आत आहेत तुमची."

"ती लिहितायत. त्यांचं चाललंय."

"पण तुम्ही का यायचं?"

"तू एकटा जाऊ नये म्हणून."

अविनाशनं कंपासपेटी घट्ट धरली. त्यांच्या मागच्या बाकावर मांडीवर मिरच्यांचं गाठोडं घेऊन एक आजी बसली होती. ती मघापासून पुढे वाकून सगळं ऐकत होती. तिच्यानं राहवेना. "आवं मास्तरीणबाय, परीक्षा ह्या पोराची हाय ना?"

"हो."

"आन् साळा हीच ना?"

"हीच."

"मंग त्याला वणीला कशापायी न्हेता? वणीला काय परीक्षा नाय!"

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. कोणी तरी ओरडलं, "आजी लय बरोबर बोलली!" बाईंचं पोतं फुटलं. आणि त्या हसण्यात अविनाशला आधी हुंदका आला, मग हसू, मग दोन्ही एकदम. बाईंनी पदरानं त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

"आत जाऊन काय करू, बाई? मला काहीच आठवत नाहीये."

"काही करू नको. नंबर लिही आणि बस. पाणी पी. कंटाळलास की बाहेर ये, मी फाटकातच आहे. मग बघू वणीचं. दिवसभर गाड्या असतात."

अविनाश उतरला. सगळे उतारू त्याला बघायला एका बाजूला सरकले, तशी गाडी कलली आणि ड्रायव्हर ओरडायला लागला. मला खिडकीतून दिसलं ते एवढंच, की बाई अविनाशला धरून फाटकातून आत आणतायत आणि मागे एका कललेल्या एस.टी.तून एक म्हातारी हात हलवत ओरडतेय, "नीट लिव्ह रे, बाळा!"

त्याला उशीर झाला होता, पण आत घेतलं. तो माझ्या पुढच्या बाकावर बसला. नंबर लिहिला. मग नुसता बसून राहिला. मी माझा पेपर लिहिता लिहिता त्याच्या पाठीकडे बघत होते. बऱ्याच वेळानं त्याचा कोपर हलायला लागला. मी इतकी सुखावले की माझ्या निबंधातलं एक वाक्य मी दोनदा लिहिलं. पेपर सुटला तेव्हा बाई फाटकाशीच होत्या, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात लालबुंद.

त्या संध्याकाळी बाई आणि भाऊ अविनाशच्या घरी गेले. वडिलांशी दार लावून काय बोलणं झालं ते कोणालाच कळलं नाही. त्याच्या टेबलावरच्या भिंतीला वडिलांनी एक पाटी लावली होती, ‘पहिला क्रमांक’ अशी. ती दुसऱ्या दिवशी दिसली नाही. परीक्षा संपेपर्यंत बाई रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन कॅरम खेळायच्या. अभ्यासाचं अवाक्षर नाही. हरल्या की भांडायच्या, आणि भांडण वडिलांपर्यंत न्यायच्या. शेवटी शेवटी वडीलही सोंगट्या मारायला बसायला लागले, असं अविनाशनंच सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. अविनाश पहिला आला नाही. दुसराही नाही. शाळेत पहिला आला तो मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचं नाव हेडमास्तरांनाही विचारून घ्यावं लागलं. यादी बघताना अविनाशच्या वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आपण काहीच बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून ठेवलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. अविनाशच म्हणाला, "बाबा, भूक लागली." शकू पास झाली. वर्तुळावरचं प्रमेय पडलं होतं आणि तिनं ते इतकं सविस्तर लिहिलं होतं, की पुरवणी घ्यावी लागली होती. बाईंनी पेढे आणले होते. पासांना एक आणि नापासांना दोन. "ऑक्टोबरवाल्यांना ताकद पाहिजे," असं म्हणत त्यांनी म्हैसवाल्याच्या तोंडात दोन्ही पेढे एकदम कोंबले. ऑक्टोबरला तो सुटला.

पुढच्या वर्षीही बाईंकडे दहावीच होती. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत, त्यामुळे शाळेच्या बातम्या घरी यायच्या. शनिवारचा कांदा चालूच होता. पण ती सांगायची, की सगळे हसत असताना बाई आता मुलांकडे बघतात, कोण हसत नाही ते. आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाला काही तरी फुटकळ काम सांगून बरोबर नेतात. नकाशे गुंडाळायला, मोपेड पुसायला. काम करता करता त्याच्याशी बोलतात. किंवा नुसत्याच बरोबर असतात. अविनाश जनावरांचा डॉक्टर झाला आणि बागलाणात कुठे तरी रमला. शकू शिक्षिका झाली.

मला बँकेत नोकरी लागली. मी नाशिक सोडलं. ऐंशीनंतर कधी तरी बाईंनी इंदिरानगरला घर बांधलं. तेव्हा तिथे चार घरं आणि बाकी नुसती शेतं. मी एकदा पत्ता शोधत गेले, तर घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्या कसल्या घरात सापडतात."

सापडल्या त्या रंगपंचमीला. मी माहेरी आले होते आणि लेकीला रहाड दाखवायला जुन्या नाशकात घेऊन गेले होते. रहाड म्हणजे चौकाच्या पोटात बांधलेला खोल दगडी हौद. वर्षभर तो बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात, रंगीत पाण्यानं काठोकाठ भरतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. तेव्हा उड्या पुरुषच मारायचे. बायका गच्चीतून नाही तर ओट्यावरून बघायच्या.

गर्दीत मला आधी ते हसू ऐकू आलं. पुढे घुसले तर हौदाच्या काठावर बाई. केस बरेच पांढरे झालेले, नऊवारीसारखा काष्टा मारलेला. भोवती दहावीची आठदहा मुलं-मुली, सगळी रंगानं ओळखू न येणारी. एक मुलगी हौदाकडे बघत मागे मागे सरकत होती आणि म्हणत होती, "बाई, परवा पेपर आहे. सर्दी झाली तर?"

"आधी मी," बाई म्हणाल्या. "मला झाली तर तुला कळेल."

गर्दीतला एक म्हातारा ओरडला, "अहो, बायामाणसांनी नाही मारत उडी!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पायातल्या चपला काढून त्याच्याच हातात दिल्या आणि म्हणाल्या, "धरा जरा." त्यानंही मुकाट्यानं धरल्या.

मी हाक मारली, "बाई!" त्यांनी वळून पाहिलं. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. माझ्याही तोंडावर कोणी तरी हिरवा रंग फासला होता. त्यांनी मला हात केला, दोन बोटांनी नाक दाबलं, डोळे घट्ट मिटले आणि उडी मारली. असा धप्पा बसला की पहिल्या तीन रांगा न्हाऊन निघाल्या, माझी लेक किंचाळली आणि म्हाताऱ्याच्या हातातल्या चपलाही रंगल्या. नारिंगी पाणी वर उसळलं, खाली बसलं. क्षणभर हौदात नुसते बुडबुडे होते.

मग त्यांचं डोकं वर आलं. नारिंगी केस, नारिंगी दात. श्वास घ्यायच्या आधीच त्यांनी काठाकडे दोन्ही हात पसरले, आणि ती मुलगी ओढणीसकट त्या हातांत जाऊन पडली.